राखण

मराठीत ‘वावर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे ये-जा, हिंडणेफिरणे. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात वावर नावाचे एक गाव आहे. त्या गावाच्या परिसरात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. डोंगराच्या उतारावर माणसाचे वावर आहे, आणि त्याच डोंगरात वानर, रानडुक्कर, साळिंदर व पोपट यांचा वावरही आहे. या दोघांची गाठ बहुधा पडते ती घराच्या मागे, परसात.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. नागली, वरई आणि भात ही येथील मुख्य पिके. ती पावसाच्या पाण्यावर येतात. शेताखेरीज घराच्या मागेपुढे जी थोडीशी जागा असते, तिच्यातही कष्टाळू गृहिणी काही ना काही लावतेच. कुडाच्या भिंतीवरून छपरावर भोपळ्याचा वेल चढतो. अंगणाच्या कडेला मांडवावर वाल पसरतो. न्हाणीचे पाणी वाहून जाते तेथे केळ उभी असते. जवळच एखादा शेवगा, एखादी पपई, भेंडीची दहा-बारा झाडे आणि काकडीचा एक वेल. पैशात मोजू गेल्यास या परसबागेची किंमत फार भरणार नाही; परंतु भाकरीबरोबर ताटात जे हिरवे दिसते, ते येथूनच येते.

भाद्रपदात काकड्या धरतात. मुले रोज सकाळी वेलाखाली वाकून पाहतात आणि कोणती काकडी केव्हा तोडायची याचे बेत करतात. अशातच एके दिवशी मोठी माणसे शेतावर गेलेली असताना वानरांची टोळी येते. एक वानर छपरावर, दोन मांडवावर, चार भेंडीच्या वाफ्यात. जितके पोटात जाते, त्याहून अधिक नासते. एकेक घास घेऊन टाकलेल्या काकड्या, ओरबाडलेला वाल आणि मोडलेली केळ मागे ठेवून टोळी निघून जाते. रात्री रानडुक्कर आले, तर रताळ्याचा वाफा नांगर फिरवावा तसा उकरून पडतो. पपई पिवळी पडू लागली की घरच्या माणसांच्या आधी पोपटांना तिची वार्ता लागते. तीन महिन्यांची मेहनत अशी घटकाभरात मातीस मिळते.

शहरातील माणसाला ही हकिकत ऐकून कदाचित हसू येईल. त्याची भाजी मंडईतून येते. चार काकड्या गेल्या तर त्याचे काय बिघडते? परंतु वावरच्या परिसरात या प्रश्नाकडे असे पाहता येत नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या पाड्यांवर कुपोषणाने अनेक बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे, हे त्या वेळी पुष्कळांना कळले. नुसत्या भाताने पोट भरते. वाढत्या अंगाला मात्र डाळ, पालेभाजी, फळे यांचीही गरज असते. शेवग्याची पाने, वालाचे दाणे, पिकलेली पपई हे सारे परसातून फुकट मिळते. म्हणूनच पुढे अंगणवाड्यांनी आणि शाळांनीही परसबागेचा आग्रह धरला. ज्या घरी बाजारहाट करण्याइतका पैसा नाही, त्या घरी परस हेच मुलाच्या पोषणाचे साधन असते. तेथील मांडव मोडला, तर त्या घरातील मुलाच्या ताटातून घास जातो. हे नुकसान लहान मानणे हा अन्याय होईल.

नुकसान मोठे असले म्हणजे रागही मोठा येतो. रागाच्या भरात माणूस तीन उपाय योजतो. कोणी खाण्यात विष कालवून ठेवतो, कोणी कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडतो, कोणी फळाच्या पोटात स्फोटक दडवतो. या तिन्ही उपायांना डोळे नाहीत. विष ज्याच्यासाठी ठेवले त्यालाच बाधेल असा नेम नसतो. घरचे कुत्रे, शेजाऱ्याची शेळी, मेलेले जनावर खाणारे कावळे हे सारे त्याला बळी पडतात. विजेच्या तारेला रानडुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पहाटे अंधारात वाट चुकलेला शेजारीच तिला चिकटावयाचा. २०२० साली केरळच्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ एका गाभण हत्तिणीच्या तोंडात फुटले. वेदना शमविण्यासाठी ती नदीच्या पाण्यात सोंड बुडवून उभी राहिली आणि २७ मे रोजी तेथेच मरण पावली. पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी लोक अशी फळे ठेवतात, हे त्या निमित्ताने देशाला कळले. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील प्राण्यांना संरक्षण दिले आहे. १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. त्यांत वनांचे व वन्य जीवांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य सांगितलेले आहे. तेव्हा हे तीन उपाय केवळ क्रूर आहेत असे नव्हे, तर ते माणसालाच घातक आणि कायद्याविरुद्धही आहेत.

कोणी म्हणेल, की उपद्रवी जातच नाहीशी केली तर सर्वांचीच कटकट मिटेल. हा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. १९५८ साली चीनमध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चौघांविरुद्ध देशव्यापी मोहीम काढण्यात आली. चिमण्या धान्य खातात, हा त्यांचा अपराध. लाखो माणसे थाळ्या व ढोल बडवीत रस्त्यांवर उतरली. चिमण्यांना कोठे टेकू द्यावयाचे नाही, असा त्यांचा बेत होता. उडून उडून थकलेल्या चिमण्या मरून खाली पडल्या. परंतु चिमणी धान्याबरोबर किडेही टिपते, आणि आपल्या पिलांना तर ती मुख्यतः किडेच भरवते, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडींचे फावले. अखेर १९६० साली त्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. जो पक्षी आज पेरू टोचतो, तोच उद्या पानावरची अळी वेचतो. त्याचा एक अपराध पाहून त्याला मुळापासून उखडणाऱ्याला त्याच्या उपकारांची किंमत मागाहून मोजावी लागते.

रागाची ही एक चूक झाली. दयेच्या नावाखालीही एक चूक होते, आणि ती अधिक सर्वत्र आढळते. घाटाच्या रस्त्यावर मोटार थांबवून प्रवासी वानरांना केळी व बिस्किटे देतात. वानराला मारुतीचे रूप मानून हे पुण्य जोडले, असे त्यांना वाटते. प्रवासी पुढे निघून जातो. माणसाच्या हातात खाणे असते, हा धडा मात्र वानराच्या डोक्यात पक्का राहतो. रानात दिवसभर हिंडून पाला आणि फळे शोधण्याची त्याची सवय मोडते. तो माणसाला भिईनासा होतो आणि जवळच्या पाड्यावरील परसात निर्धास्त शिरतो. प्रवाशाच्या पुण्याची भरपाई अशा रीतीने गरिबाच्या मांडवाला करावी लागते. हाताने घास भरविणे ही प्राण्यावर खरी दया नव्हे.

मग दया करावयाची ती कशी? धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावाचे उदाहरण येथे आठवते. त्या गावाच्या जमिनीच्या दप्तरात ३२ एकर जमीन गावातील सर्व वानरांच्या नावे नोंदलेली आहे, ही गोष्ट २०२२ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ती नोंद कोणी व केव्हा केली हे आज गावकऱ्यांनाही ठाऊक नाही. त्या जमिनीवर वन विभागाने झाडे लावली आहेत. त्या गावात दारी आलेल्या वानरांना खाऊ घालण्याचीही प्रथा आहे. परंतु घेण्याजोगा धडा आहे तो जमिनीचा. दारातला घास वानराला घराकडे ओढतो, झाडे असलेली जमीन त्याला त्याच्या जागी ठेवते. जव्हार-मोखाड्याच्या रानात उंबर, वड, जांभूळ, करवंद, मोह ही झाडे आहेत. वड-उंबरांना फळे धरण्याचा काळ सर्व झाडांवर एकच नसतो. त्यामुळे इतर फळे संपली तरी कोठे ना कोठे एखादा उंबर लगडलेला सापडतो. असा एक जुना उंबर तोडला, की त्यावर जगणाऱ्या टोळीला नवे घर शोधावे लागते, आणि बहुतेक वेळा तिला पहिला दिसतो तो माणसाचा मांडव. परसातील वाल राखावयाचा असेल, तर रानातला उंबरही राखला पाहिजे.

तरीही रान कितीही भरलेले असले, तरी कोवळ्या काकडीचा मोह वानराला होणारच. त्याला कोणी चोर म्हणतात. परंतु चोरी म्हणजे दुसऱ्याचे आहे हे जाणून घेणे. वानराला सातबाराचा उतारा वाचता येत नाही; वई कोणाची आणि वेल कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर मुलाच्या तोंडचा घास त्याला नेऊ देण्यातही शहाणपण नाही. ज्याला आपले-परके कळते तो माणूस आहे, म्हणून सीमा आखण्याचे आणि ती सांभाळण्याचे कामही माणसाचेच आहे. या कामाला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, तो म्हणजे राखण.

चांगली राखण हातातल्या काठीपेक्षा डोक्यातल्या ज्ञानावर अधिक अवलंबून असते. कोणता प्राणी केव्हा येतो, कशाने येतो आणि कशाला भितो, हे आधी जाणले पाहिजे. वानर दिवसा येतो आणि डोळ्यांनी पाहून शिकतो. त्याच्यासाठी उभे केलेले बुजगावणे एकाच जागी, एकाच वेषात राहिले, तर चार दिवसांत तो त्याच्याच डोक्यावर बसून काकडी खातो. म्हणून बुजगावण्याची जागा आणि कपडे वरचेवर बदलावे लागतात. पोपट फळ पिकण्याच्या सुमारास येतो. त्याच्यासाठी फळालाच जुन्या कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधली, की काम भागते. रानडुकराची नजर मंद आणि नाक तिखट असते; ते रात्री येते आणि जमिनीलगत शिरते. त्याला अडविण्यासाठी कुंपण उंच असण्यापेक्षा खालून दाट असावे लागते. महाराष्ट्रात पुष्कळ शेतकरी पिकाभोवती जुनी रंगीत लुगडी बांधतात. वाऱ्याने ती हलतात, त्यांना माणसाचा वास असतो, आणि त्यांना खर्चही पडत नाही.

काही झाडे तर स्वतःच पहारेकरी असतात. मिरची, हळद, आले आणि सुरण यांना वानर सहसा तोंड लावत नाहीत. ही झाडे परसाच्या बाहेरच्या कडेला आणि काकडी, भेंडी, वाल ही आत, घराच्या भिंतीलगत लावावी. माणसांची जाग जेथे जास्त, तेथे सर्वांत मोलाचे पीक असावे. कुंपणासाठी निवडुंग, शेर, सागरगोटा यांची जिवंत वई करता येते. १९८२ साली गुजरातेतील वांसदा भागात मणिभाई देसाई यांनी स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांबरोबर आंबा-काजूच्या ‘वाडी’चे काम सुरू केले. पुढे ते जव्हारच्या डोंगरांतही आले. लहानशा जमिनीवर फळझाडे, त्यांच्या मधल्या जागेत धान्य-भाजी आणि सभोवती जिवंत कुंपण, अशी त्या वाडीची रचना असते. कुंपण हा बागेचाच एक भाग मानला पाहिजे, बाग झाल्यावर सुचलेला उपाय नव्हे, ही गोष्ट तिच्यापासून शिकण्यासारखी आहे.

प्राण्याचा स्वभाव जाणून केलेल्या राखणीची उदाहरणे दूरदेशीही आहेत. आफ्रिकेतील केनिया देशात हत्ती शेतात शिरतात. एवढा बलाढ्य प्राणी मधमाश्यांना मात्र भितो, हे ध्यानात आल्यावर तेथील शेतकऱ्यांनी शेताभोवती तारेला मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. हत्तीने तार हलविली, की पेट्या हलतात आणि माश्या उठतात. हत्ती माघारी जातो, आणि शेतकऱ्याला मधही मिळतो. २०२१ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने कर्नाटकाच्या कोडगु जिल्ह्यात हाच प्रयोग सुरू केला. कोणाचा जीव न घेता जेथे पीक वाचते आणि वर मधाचा लाभ होतो, तेथे बुद्धीचा विजय झाला असेच म्हटले पाहिजे.

राखणीत एक अडचण मात्र खरी आहे. तिला माणूस लागतो. आईबाप शेतावर किंवा मजुरीला गेले, म्हणजे घरचे मूल राखणीला बसते. पूर्वी माळ्यावर बसून गोफण फिरविणे हा मुलांचा खेळही होता आणि कामही. सुट्टीच्या दिवशी त्यात काही वावगे नाही. परंतु काकडी वाचविण्यासाठी मुलाची शाळा बुडत असेल, तर ती काकडी फार महाग पडली. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे पाळी. पाड्यावरील दहा घरांनी आपापली परसे शक्य तितकी लगत केली आणि रोज एका घरच्या मोठ्या माणसाने सर्वांची राखण केली, तर प्रत्येक घराला दहा दिवसांतून एकदाच घरी राहावे लागेल. एकट्या घराने हाकललेली टोळी शेजारच्या घरी जाते आणि थोड्या वेळाने परत येते. सगळा पाडा एकदम उठला, तर ती रानाची वाट धरते. वानर टोळीने येतात. माणसांनीही एकजुटीनेच उभे राहिले पाहिजे.

राखणीचा भार पाड्याने उचलला, तरी सगळा भार पाड्यानेच का उचलावा, असा प्रश्न उरतोच. या डोंगरांतील जंगल पावसाचे पाणी धरून ठेवते. त्र्यंबकेश्वरच्या बाजूस उगम पावणारी वैतरणा नदी मोखाड्याजवळून वाहते. तिच्यावरील मोडकसागर धरण १९५७ साली पुरे झाले, आणि पुढे मध्य वैतरणा धरणही झाले. या धरणांचे पाणी मुंबईला जाते. मोखाड्याच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. जंगल राहिले तर त्याचा लाभ मुंबईच्या नळापर्यंत पोहोचतो, आणि जंगलातील प्राण्यांनी केलेली हानी मात्र एका झोपडीच्या परसातच राहते. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, हा न्याय नव्हे. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने केलेली आहे. ती भरपाई म्हणजे भीक नव्हे. समाजाने आपल्या वाट्याचा भार उचलणे होय. शेताचे नुकसान मोजले जाते, तसे लहान परसाचेही मोजले गेले पाहिजे. आणि हक्काचा अर्ज कसा करावयाचा, हे पाड्यावरील प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. या कामी शाळेत शिकणारी मुले आपल्या आईबापांना पुष्कळ साहाय्य करू शकतील.

वारली समाजात वाघाला देव मानतात. गावाच्या वेशीवर किंवा रानाच्या कडेला वाघदेवाचे ठाणे असते. दगडावर किंवा लाकडावर वाघाची आकृती कोरलेली असते. वाघबारशीला त्याची पूजा होते. तेथे वाघाला मान आहे, नैवेद्य आहे. आणि त्याबरोबरच गुराढोरांना सांभाळ, अशी त्याला विनवणीही आहे. त्याचे ठाणे मात्र वेशीवरच असते, घराच्या अंगणात नसते. ज्याला देव मानले त्यालाही त्याची जागा नेमून द्यावी आणि आपली जागा आपण सांभाळावी, ही रीत ज्या लोकांनी पाळली, त्यांना रानाशी शेजार कसा करावा हे निराळे शिकवावयास नको.

वावरच्या डोंगरात पुढल्या भाद्रपदातही काकड्या धरतील आणि वानरही येतील. त्या दिवशी मांडवापाशी कोणीतरी जागे असावे, रानात उंबर उभा असावा, आणि घरातील मूल शाळेत असावे. संध्याकाळी ते घरी येईल तेव्हा त्याच्या ताटात परसातली भाजी असेल.

अभ्यास

१. ‘वावर’ या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा.
२. प्रवाशांनी वानरांना खाऊ घालणे ही खरी दया नव्हे, असे का म्हटले आहे?
३. ‘लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा’ हे वैतरणेच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
४. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या बागेत कोणकोणते प्राणी व पक्षी येतात? ते केव्हा येतात आणि काय खातात, हे आठ दिवस पाहून वहीत नोंद करा. त्यावरून राखणीचा एक उपाय सुचवा.